बंद लिफ्टची प्रश्नपत्रिका

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट बिघडली की आधी तिची उपसमिती होते. मग ती गोष्ट दुरुस्त तरी होते, नाहीतर लोकांना तिची सवय तरी होते. पूर्वी आमच्याकडे एक पगारी मॅनेजर होता. त्याला काढावं की ठेवावं यासाठीही उपसमिती नेमली होती आणि तिच्या बैठकांच्या खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या. तो गेल्यापासून सोसायटी आम्ही स्वतः चालवतो. पंप कोणी लावायचा, जिन्यातला दिवा कोणी बदलायचा, गेटची किल्ली कोणाकडे राहायची, हे सगळं आम्हीच ठरवतो, आणि ठरवण्यातच इतके दमतो की करायला कोणाच्या अंगात त्राण उरत नाही.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. एकदा का सॉफ्टवेअर आलं की तक्रारी, पार्किंग, पाहुणे, पाणी, सगळं आपोआप सुरळीत होणार होतं. आता ‘आपोआप’ हा आमच्याकडे सर्वांत लाडका शब्द आहे. घरातल्या पसाऱ्यापासून पोराच्या अभ्यासापर्यंत सगळं आपोआप व्हावं अशी इथल्या प्रत्येकाची इच्छा असते.

सॉफ्टवेअर निवडण्याच्या उपसमितीचे प्रमुख अर्थातच अध्यक्ष. ते चौथ्या मजल्यावर राहतात. उभा जन्म त्यांनी परीक्षा खात्यात काढला, प्रश्नपत्रिका छापून घेणं, सील करणं, केंद्रावर पोचवणं. पाठीमागे आम्ही त्यांना परीक्षासाहेब म्हणतो, तोंडावर नुसतं साहेब. दुसरे सभासद म्हणजे सचिव, दुसऱ्या मजल्यावरचे केमिस्ट. त्यांचं मत साहेबांच्या मताहून कधी वेगळं नसतं, फक्त थोडं उशिरा येतं. तिसरी मी. मी दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना अपॉइंटमेंट देते. माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो.

"सूनबाई, तुम्ही काय बाबा कॉम्प्युटरमधल्या!" असं साहेब म्हणाले आणि माझी नेमणूक झाली. मी काय काम करते हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर एखादी अक्कलदाढ तरी फुकट दाखवून घेतली असती.

तीन कंपन्यांना बोलावलं होतं. प्रत्येकीनं येऊन आपापलं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं. पण कशावर चालवून दाखवायचं, यावर घोडं अडलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात, सोमवारी, आमची लिफ्ट बंद पडली, आणि साहेबांचा चेहरा असा उजळला की बघतच राहावं.

"आयती प्रश्नपत्रिका हातात आली," ते म्हणाले. "खरी तक्रार. तिघांनाही एकच प्रश्न. लिफ्ट बंद आहे, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही तक्रार नोंदवा आणि शेवटापर्यंत नेऊन दाखवा. गुण आपण द्यायचे."

"एकच प्रश्न हवाच," केमिस्ट थोड्या वेळानं म्हणाले.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, जिना चढून मला धाप लागत होती आणि कोणीतरी लिफ्टविषयी काहीतरी करतंय एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

लिफ्ट खरी कोणाला हवी होती, तर माझ्या सासूबाईंना. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना जिना वर्ज्य केला होता. जिना म्हणजे पुन्हा ऑपरेशन, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीत असताना दिवसभर कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाची बोलणी जोडून दिली. त्याचा परिणाम असा की आता त्यांना फोन बघितला तरी शिसारी येते. "आयुष्यभर नुसते आवाज ऐकले, आता मला समोर माणूस लागतं," असं म्हणतात. आणि ते समोर लागणारं माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या टेलरकाकू.

टेलरकाकूंनी आपल्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान चालवलं. इमारतीतला एकही पडदा, एकही गणवेश त्यांच्या मशीनखालून गेल्याशिवाय राहिला नाही. मशीनच्या खडखडाटानं म्हणा किंवा वयानं म्हणा, त्यांना ऐकू येईनासं झालं. आता त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात, आणि सासूबाईंचे ओठ तर त्यांना पाठ आहेत. रोज दुपारी सासूबाई लिफ्टनं खाली जायच्या, काकूंच्या खोलीत बसायच्या आणि दोघी भांडायच्या. कशावरूनही. साबणावरून, सुनांवरून, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं यावरून. सासूबाई काकूंना ‘ए टेलर’ म्हणतात, काकू त्यांना ‘ऑपरेटरबाई’. भांडून आल्या की सासूबाई घरात कोणाशी भांडत नसत, म्हणून काकूंचे उपकार मी विसरणार नाही.

त्या टेलरकाकू कायमच्या जाणार होत्या. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात राहतो, त्यानं त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं होतं. खोली विकली होती, रविवारी सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता. काकूंचे गुडघे असे की त्यांना पाच मजले चढून येणं शक्य नाही. सासूबाईंना उतरायला बंदी. मधे लिफ्ट, आणि ती बंद. रविवारच्या आत ती सुरू झाली नाही तर या दोघी एका इमारतीत असूनही एकमेकींना न बघता कायमच्या दूर जाणार होत्या. एवढी साधी गोष्ट होती.

पहिल्या दिवशी मी व्हिडिओ कॉल लावून दिला. काकूंनी सवयीनं फोन कानाला लावला. पडद्यावर आम्हाला नुसता त्यांचा कान दिसत होता, आणि सासूबाई त्या कानावर खेकसत होत्या, "अगं, तोंड दाखव, तोंड!" कानाला काही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि सासूबाई खिडकीत. पाचव्या मजल्यावरचे ओठ खालून काय वाचणार? सासूबाईंनी दोन्ही हात छातीशी घेऊन ‘तू वर ये, मला भेट’ अशी खूण केली. थोड्या वेळानं माझा नवरा कामावरून आला, हातात काकूंनी दिलेली शाल घेऊन. आईला थंडी वाजतेय म्हणे.

"मी हिला भेट म्हणतेय आणि ही मला पांघरूण पाठवतेय!" सासूबाईंनी शाल खुर्चीवर टाकली. मग उचलून घडी घातली.

नवरा म्हणाला, "आई, मी आणि केमिस्टकाका मिळून तुला खुर्चीवर बसवून खाली नेऊ का?"

"मी काय कपाट आहे का?" त्या म्हणाल्या. "आणि वाटेत टेकवाल कुठे? तुझी कंबर, त्यांचा दमा. तीन मजल्यांवर तीन माणसं पडलेली सापडतील."

नवरा "बघू" म्हणाला. आमच्या घरात हा शब्द म्हणजे विषय संपल्याची घंटा असते.

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "मला तिला बघायचंय गं. बाकी काही नाही." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. भाजी, औषध, चष्मा हे त्या मागत नाहीत, फर्मावतात. मला त्यांचा रोज राग येतो आणि त्या दिवशीही सकाळी आला होता, पण तेव्हा मात्र तो कुठल्या कुठे गेला.

बुधवारी पहिली कंपनी आली. टाय लावलेला एक तरुण तळमजल्याच्या हॉलमध्ये उभा राहिला आणि त्यानं भिंतीवर चित्र पाडलं. साहेबांनी बंद पाकिटातून प्रश्न काढून वाचला. लिफ्ट बंद आहे. त्या तरुणानं तक्रार नोंदवली, ती हिरवी झाली, मग निळी, मग तिच्यापुढे बरोबरची खूण आली. ‘तक्रार निवारण पूर्ण. लिफ्ट सुरू झाली आहे.’ आणि नमुना म्हणून हा निरोप त्यानं इमारतीतल्या सगळ्यांच्या फोनवर खरोखरच पाठवून दिला.

हॉलमधून बाहेर आलो तर लिफ्टपुढे रांग. पिशव्या घेतलेले, पोरं कडेवर घेतलेले, सगळे बटण दाबून वर बघत उभे. कोणीतरी म्हणत होतं, "निरोप आलाय म्हणजे सुरू झालीच असणार, जरा दम धरा." वर सासूबाईंनी निरोप वाचून साडी बदलली होती आणि त्या काठी घेऊन लिफ्टच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. मी पाच मजले चढून पोचले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात ते हेच. त्यांना घरात आणताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

साहेबांनी मात्र त्या कंपनीला भरघोस गुण दिले. "निकाल वेळेवर लावला," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीची पाळी होती, तिच्या बाई पडद्यावरूनच बोलत होत्या. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रारीचा प्रकार निवडावा लागे. लिफ्ट हा प्रकार त्यात नव्हता. बाईंनी थोडा विचार करून ‘वाहने’ निवडलं. लगेच लिफ्टची तक्रार पार्किंगच्या उपसमितीकडे गेली, आणि पार्किंग बघणाऱ्या गृहस्थांनी हॉलमध्येच उभं राहून विचारलं की ही लिफ्ट कोणाच्या मालकीची आहे आणि ती नेमून दिलेल्या जागेच्या बाहेर उभी आहे का. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. यावर बराच वेळ चर्चा झाली. लिफ्ट वाहन आहे की नाही याबद्दल मतदान घ्यावं, असंही एक जण म्हणाला.

मी घरी येऊन सरळ मेकॅनिकला फोन केला. लिफ्टच्या आतल्या पाटीवर नंबर लिहिलेला असतो, तो वाचायला सॉफ्टवेअर लागत नाही.

गुरुवारी दुपारी मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन आला. मी मुद्दाम अर्धी रजा टाकून थांबले होते. बहुतेक दाराचा स्विच गेला असणार, फार वेळ लागणार नाही, असं तो म्हणाला. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली साहेबांकडे असते, म्हणून आम्ही चौथ्या मजल्यावर त्यांचं दार वाजवलं.

साहेबांनी दार उघडलं, पेटी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कोण?"

"लिफ्टवाले. किल्ली द्या ना साहेब, पटकन होईल म्हणतायत."

"आज?" साहेब म्हणाले. "आज कसं करता येईल? तिसऱ्या कंपनीचं प्रात्यक्षिक शनिवारी आहे."

मला कळेना. "मग?"

"मग म्हणजे काय, सूनबाई? लिफ्ट आज सुरू झाली तर तिसऱ्या कंपनीला प्रश्न काय द्यायचा? दोघांना खरी बंद पडलेली लिफ्ट मिळाली आणि तिसऱ्याला चालू लिफ्ट? हा अन्याय आहे. उद्या कोणी आक्षेप घेतला तर मी काय उत्तर देऊ?"

मला वाटलं ते गंमत करतायत. पण साहेब गंमत करत नाहीत, त्यांच्या घरात ती पद्धत नाही.

"साहेब," मी म्हणाले, "लिफ्ट चालू करा आणि त्यांना खोटंच सांगा की बंद आहे."

"म्हणजे खोटी प्रश्नपत्रिका? माझ्या हातून?" त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "अहो, मी पेपर फुटू नये म्हणून घरात लग्न असताना कार्यालयात झोपलेला माणूस आहे."

मी सगळं सांगितलं. सासूबाई, काकू, रविवार, ट्रक. आवाज चढला माझा. खालच्या मजल्यांवरची दारं किलकिली झाली. साहेब शांतपणे ऐकत होते. त्यांना वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "रविवारी सकाळी सर्वसाधारण सभेत निकाल लागला की लगेच लिफ्ट दुरुस्त करू. तुमच्या सासूबाईंना सांगा, अगदी थोडं थांबा म्हणावं."

"ट्रक थांबणार नाही ना पण!"

"ट्रकवाल्याला आपण विनंती करू. लेखी."

तोवर केमिस्ट वर आले होते. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि माझी नजर टाळून खिशातल्या गोळ्या चाचपू लागले. मेकॅनिकनं पेटी उचलली. त्याला काय, त्याला सोसायटीची सही लागते, ती नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या कामाला मोकळा. जाताना मलाच म्हणाला, "तुमचं ठरलं की कळवा." ठरण्याची एवढी हौस असलेली इमारत त्यानं पूर्वी पाहिली नसावी.

सासूबाईंना मी काय सांगणार? त्यांनीच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"प्रश्नपत्रिका जपायचीय त्यांना," मी म्हणाले.

"आणि मी कोण? पर्यवेक्षक?" एवढंच म्हणून त्या खिडकीशी जाऊन बसल्या. रात्री जेवताना भांडल्या नाहीत. ते मला अजिबात बरं वाटलं नाही.

शनिवारी तिसरी कंपनी आली. दोघं जण होते, एक बोलत होता आणि दुसरा मान डोलावत होता. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही दुरुस्ती सुरू व्हायला निम्म्याहून जास्त घरांची संमती लागे. लोकशाही, बोलणारा म्हणाला, आणि दुसऱ्यानं मान डोलावली. सगळ्यांनी फोनवर अंगठा दाबायचा. तळमजला आणि पहिल्या मजल्यानं दाबला नाही, त्यांचं लिफ्टवाचून काही अडत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर मतभेद होते. तिसऱ्यावरच्या एका जोडप्यात नवऱ्यानं होकार दिला म्हणून बायकोनं नकार दिला. तक्रार बहुमताअभावी फेटाळली गेली. म्हणजे लिफ्ट बंद नाही असं लोकशाही मार्गानं ठरलं.

"अतिशय चुरशीची परीक्षा," साहेब हात चोळत म्हणाले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळी इमारत जमली. बाहेर ट्रक येऊन लागला होता आणि टेलरकाकूंचं शिवणयंत्र गोणपाटात गुंडाळून बाहेर निघत होतं. मी सभेत बसले होते ते एकाच हेतूनं. निकाल लागला की साहेबांच्या हातातून किल्ली घ्यायची आणि मेकॅनिकला बोलवायचं. तो जवळच राहतो, रविवारीही येतो म्हणाला होता.

पण निकाल लागतो कसला! साहेबांनी आधी परीक्षापद्धतीवर भाषण केलं. मग गुणपत्रक वाचलं. मग पार्किंगवाल्यांनी फेरतपासणी मागितली. मी उभी राहून म्हणाले, "ट्रक निघतोय हो, कोणीतरी किल्ली द्या!" तर मागून कोणीतरी ओरडलं, "विषयपत्रिकेप्रमाणे चला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं की दुसऱ्या कशानं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी तशीच खाली बसले. शेवटी पहिली कंपनी निवडली गेली. कारण तिनं लिफ्टची तक्रार सर्वांत कमी वेळात निवारली होती. टाळ्या झाल्या.

सभा सुटली आणि लोक जिन्याकडे निघाले. पुढचे लोक थांबले, म्हणून मागचे थांबले. कोणीतरी म्हणालं वर रस्ता बंद आहे. मी माणसं बाजूला सारत वर चढले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तिथल्या पायरीवर सासूबाई आणि टेलरकाकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींनी मिळून जिना पूर्ण अडवला होता. सासूबाईंची काठी वरच्या पायरीवर आडवी पडली होती, त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता आणि एक हात खुब्यावर दाबलेला होता. काकूंची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दोघी आपापल्या मनानं निघाल्या होत्या, एक वरून, एक खालून.

"आई! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"गप्प बस. आमचं चाललंय."

चाललं होतं ते असं.

"मी जास्त आले," काकू म्हणत होत्या. "मी चढून आले."

"माझा खुबा बघ आणि मग बोल. तुझे नुसते गुडघे."

"नुसते? चढणं म्हणजे उतरण्याच्या दुप्पट असतं, ऑपरेटरबाई. हिशेब येतो का तुला?"

"तुला येतो? माझ्या ब्लाउजची बाही कधी दोन्हीकडे सारखी झाली होती?"

"तुझे हातच सारखे नाहीत!"

जिन्यात खालपर्यंत माणसं उभी होती. साहेब चौथ्या मजल्यावरचे, त्यामुळे ते पुढेच होते. हातात गुणपत्रक. त्यांनी घसा खाकरला. "दोघी जरा बाजूला होता का? लोक खोळंबलेत."

सासूबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि नोकरीतला तो जुना आवाज काढला, गोड आणि दगडासारखा. "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब लाल झाले. मग त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, स्वतःच्या दोन मजले वर असलेल्या घराचा विचार केला असावा. खिशातून फोन काढून त्यांनी मेकॅनिकला स्वतः लावला. "ताबडतोब या," म्हणाले. "अहो, माणसं अडकलीत!" आणि किल्ली काढून केमिस्टांच्या हातात दिली. आठवडाभर ज्यासाठी मी तोंडाची वाफ दवडली, ते स्वतःचा पाय अडल्याबरोबर एका फोनवर झालं. केमिस्ट त्या दोघींच्या कडेनं, भिंतीला चिकटून, माफी मागत कसेबसे वर गेले.

बाकीचे लोक पायऱ्यांवर जागा मिळेल तिथे बसले. दोघींचं भांडण संपलं नव्हतं. पण भांडता भांडता सासूबाईंनी काकूंचा हात हातात घेतला होता आणि अंगठ्यानं त्यांच्या बोटावरचे सुईचे घट्टे चोळत होत्या. ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. बोलणं मात्र साबणाचंच होतं.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. काकूंना ऐकू आला नाही, सासूबाईंना आला, पण त्यांनी साबणाचं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. मग काकूंचा मुलगा वर आला. शहाणा माणूस, भोंग्याचं नाव न काढता आईच्या खालच्या पायरीवर उभा राहिला.

काकूंनी त्याला बघितलं आणि भांडण मधेच तुटलं.

"उठव मला," काकू म्हणाल्या.

गुडघे दुखणारी माणसं जिना उलटी उतरतात, तोंड वर करून आणि कठडा धरून. काकूही तशाच उतरू लागल्या. मुलगा खालून पाठीला हात लावून, आणि काकूंचं तोंड आमच्याकडे. लोक भिंतीला सरकले. त्या एक एक पायरी मागे जात होत्या, आणि सासूबाई बोलत होत्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवत. मी अगदी शेजारी होते, मला एक शब्द कळला नाही. काकूंना सगळं कळत होतं. त्या मधेच हसल्या, मधेच "नाही गं" म्हणाल्या, मग नुसत्या बघत राहिल्या. खाली जिना पुन्हा वळला तिथे त्या थांबल्या. मुलगाही थांबला. सासूबाईंनी अजून काहीतरी सांगितलं, काकूंनी मान हलवली, आणि मग त्या दिसेनाशा झाल्या.

ट्रक गेल्याचा आवाज जिन्यात सगळ्यांनी ऐकला. सासूबाई पायरीवर तशाच बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. साहेबही तिथेच उभे होते, गुणपत्रकाची सुरनळी करत.

वरातीमागून घोडं यावं तसा मेकॅनिक आला. खरंच फार वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर घरघर झाली आणि लिफ्ट हलली. साहेब लगबगीनं तिसऱ्या मजल्यावर गेले, लिफ्ट बोलावली आणि दार हातानं धरून उभे राहिले. मी आणि नवऱ्यानं सासूबाईंना दोन्हीकडून धरून त्या अर्ध्या मजल्याच्या पायऱ्या चढवल्या. प्रत्येक पायरीला त्या ओठ चावत होत्या. पण आम्हाला थांबू देत नव्हत्या.

"या, आधी तुम्ही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "आता रोज चालू राहील. मी जातीनं बघेन. कुठे जायचंय, खाली?"

सासूबाईंनी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"खाली कोण आहे?" त्यांनी विचारलं.

लिफ्टचं दार साहेबांच्या हातात तसंच राहिलं. मग मी त्यांचा हात हळूच दारावरून काढला आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.